टोमॅटोचे जुने वाण: रंग, चव आणि हरवलेली जनुकं

आजचा आपला विषय आहे टोमॅटोचे पारंपरिक वाण. 'जुनं ते जास्त पौष्टिक' असं आपण सहज म्हणून जातो. ते कितपत खरं आहे, आणि हे वाण टिकवायचे तर नेमकं कशासाठी, एवढे दोनच प्रश्न आज घेऊ.

आधी मूळ पाहू. टोमॅटोचं घराणं वांग्या-बटाट्याचं. आपल्याकडे त्याला वेलवांगं असंही म्हणतात. त्याचा जंगली पूर्वज पेरू आणि इक्वेडोरमध्ये आजही उगवतो. फळ जेमतेम वाटाण्याएवढं. पुढे मेक्सिकोत लागवड रुळली आणि १६व्या शतकात स्पॅनिश लोकांनी हे पीक युरोपात नेलं. प्रत्येक टप्प्यावर थोडंच बियाणं पुढे गेलं. चाळणीवर चाळणी लागत गेली म्हणा ना. त्यामुळे लागवडीतल्या टोमॅटोची जनुकीय विविधता जंगली नातेवाइकांच्या मानाने फारच कमी आहे. जुन्या वाणांत चपटे, लांबट, पट्ट्यांचे, काळसर असे कितीतरी प्रकार दिसतात, पण त्यामागे बहुतेकदा मोजक्याच जनुकांतले फरक असतात.

मात्र हे मोजके फरक पोषणाच्या दृष्टीने मोठे ठरतात. रंगच घ्या. लाल रंग लायकोपिनचा. काही नारिंगी वाणांत या लायकोपिनचं बीटा-कॅरोटिन होतं, आणि त्यापासून आपलं शरीर अ जीवनसत्त्व बनवतं. 'टँजरीन' प्रकारच्या नारिंगी टोमॅटोत लायकोपिनच्या रेणूची घडण वेगळी असते आणि ते शरीरात अधिक सहज शोषलं जातं. याउलट अनेक पिवळ्या वाणांत ही साखळी सुरुवातीलाच अडते, त्यामुळे लायकोपिन जवळजवळ नसतंच. 'चेरोकी पर्पल'सारख्या काळसर वाणात लायकोपिन तयार होतं, पण पिकताना हरितद्रव्य जात नाही. लाल आणि हिरवा मिळून तो रंग येतो. म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं: केवळ जुना म्हणून वाण पौष्टिक ठरत नाही. कोणता वाण, हे पाहावं लागतं.

मग टिकवायचे कशासाठी? इथे एक उदाहरण बघू. जुन्या टोमॅटोच्या कच्च्या फळाला देठाजवळ गडद हिरवा भाग असतो. सगळं फळ एकसारखं फिकट हिरवं असेल तर तोडणीची वेळ ओळखणं सोपं जातं आणि माल एकसारखा दिसतो. म्हणून सुमारे ७० वर्षं पैदासकारांनी तसेच वाण निवडले. २०१२ साली 'सायन्स' या नियतकालिकात त्याचं जनुकीय कारण प्रसिद्ध झालं. फळातली हरितलवकं वाढवणारं जनुक या वाणांत निकामी झालेलं होतं. हिरवा भाग गेला, आणि त्याबरोबर फळाची स्वतः साखर बनवण्याची थोडी क्षमताही गेली. निवड रंगाची केली, फटका चवीला बसला, आणि तो कशामुळे हे कितीतरी वर्षं कळलंच नाही.

दुसरं उदाहरण २०१९ सालचं. ७२५ टोमॅटोंच्या जनुकसंचांची तुलना केल्यावर, आधीच्या प्रमाण नकाशात नसलेली ४,८७३ जनुकं सापडली. स्वादाशी संबंधित एका जनुकाचं एक रूप जंगली पूर्वजात सुमारे ९१ टक्के झाडांत होतं, तर जुन्या लागवडीच्या वाणांत जेमतेम २ टक्क्यांत. नव्या वाणांत ते ७ टक्क्यांच्या वर गेलंय, बहुधा जंगली जातींशी केलेल्या संकरांमुळे. म्हणजे हरवलेलं परत आणता येतं, पण ते कुठेतरी जिवंत असलं तरच!

म्हणूनच कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथे चार्ल्स रिक या शास्त्रज्ञाच्या संग्रहातून उभी राहिलेली टोमॅटोची बीजपेढी महत्त्वाची आहे. पण सगळा भार पेढीवर टाकायला नको. टोमॅटोच्या फुलात बहुधा स्वपरागीभवन होतं, त्यामुळे पारंपरिक वाणाचं बी घरी धरलं तर पुढचं झाड बरंचसं तसंच येतं. संकरित वाणाचं येत नाही. चांगलं पिकलेलं फळ घ्या, गरासकट बी दोन-तीन दिवस आंबू द्या, धुऊन सावलीत वाळवा आणि पुडीवर वाणाचं नाव, वर्ष लिहून ठेवा. आपल्या परसात हिरव्या देठाचा असा एखादा वाण असेल, तर सुरुवात त्याच्यापासूनच करू या.