काळजीची वही

काळजी करणाऱ्याला ‘नको करूस’ सांगून काहीही होत नाही. काळजीचा हिशेब मांडला तर मात्र फरक पडतो. अमेरिकेत लुकास लाफ्रेनियर आणि मिशेल न्यूमन या मानसशास्त्रज्ञांनी अतिचिंतेचा विकार असलेल्या २९ जणांना १० दिवस मनात येणाऱ्या काळज्या टिपायला सांगितलं. आणि ३० दिवसांत त्यातल्या कोणत्या खऱ्या ठरतात ते पाहिलं. २०२० साली निष्कर्ष छापून आला: सरासरी ९१.४ टक्के काळज्या फोल! काहींची तर एकही खरी झाली नाही. ज्यांच्या जास्त फोल ठरल्या, त्यांचा त्रासही जास्त कमी झाला.

२९ ही संख्या तशी लहानच, हे मान्य. पण एरवी हा हिशेब कुणी ठेवतच नाही. लेक उशिरा का होईना, सुखरूप घरी येते आणि रात्रभराची धास्ती सकाळच्या चहाबरोबर विसरली जाते. उलट ‘एवढा जीव टांगणीला लावला, म्हणून निभावलं’ असं श्रेय काळजीलाच मिळतं!

प्रयोग घरीही करता येतो. फक्त ‘काहीतरी वाईट होईल’ असं मोघम लिहू नये. तारीख टाकून, पडताळता येईल असं लिहावं: ‘शुक्रवारी साहेब सगळ्यांसमोर झापणार.’