परिचारिका व फिजिशियन असिस्टंट यांचे मज्जाविकारविषयक पदव्युत्तर प्रशिक्षण : उचगावच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

करवीर तालुक्यातील उचगाव हे गाव कोल्हापूर शहराला लागून, पुणे-बंगळूर राष्ट्रीय महामार्गाजवळ वसलेले आहे. कोल्हापुरातील छत्रपती प्रमिलाराजे सर्वोपचार रुग्णालय येथून काही किलोमीटरवरच आहे. तथापि ‘अंगावरून वारे गेलेला’ रुग्ण वेळेत योग्य उपचारापर्यंत पोहोचेलच असे म्हणता येत नाही. येथे अडचण अंतराची नसून ओळखीची आहे. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला की कधी मालिश, कधी गावठी औषध आणि कधी ‘सकाळपर्यंत पाहू’ यांत मोलाचे तास निघून जातात. ही ओळख प्रथम भेटणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यास कशी देता येईल, या प्रश्नाच्या अनुषंगाने प्रस्तुत लेखात पदव्युत्तर प्रशिक्षणाच्या संकल्पनेचे विवेचन केले आहे.

वेळेचे महत्त्व

रक्ताच्या गुठळीमुळे होणाऱ्या पक्षाघातात गुठळी विरघळविणारे औषध तीन तासांच्या आत दिल्यास लाभ होतो, हे १९९५ मध्ये अमेरिकेतील चाचणीने दाखविले. २००८ मध्ये युरोपातील चाचणीने ही मर्यादा साडेचार तासांपर्यंत वाढविली. औषधापूर्वी सीटी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नसल्याची खात्री करावी लागते. त्यामुळे ‘रुग्ण शेवटचा धडधाकट कधी दिसला?’ हा प्रश्न विचारणे, रक्तातील साखर तपासणे आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयास आगाऊ कळविणे ही तीन कामे निर्णायक ठरतात. साखर फार कमी झाल्यासही पक्षाघातासारखीच लक्षणे दिसू शकतात. ही तिन्ही कामे प्रशिक्षित परिचारिका करू शकते.

संकल्पनेचा उगम

१९६५ मध्ये कोलोरॅडो येथे लॉरेटा फोर्ड व हेन्री सिल्व्हर यांनी नर्स प्रॅक्टिशनरचा आणि त्याच वर्षी ड्यूक विद्यापीठात यूजीन स्टेड यांनी फिजिशियन असिस्टंटचा अभ्यासक्रम सुरू केला. भारतात १९९२ मध्ये चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये डॉ. के. एम. चेरियन यांच्या पुढाकाराने फिजिशियन असिस्टंटचे शिक्षण सुरू झाले. फिजिशियन असिस्टंटचे मूळ शिक्षण सर्वसाधारण स्वरूपाचे असते, तर नर्स प्रॅक्टिशनरच्या शिक्षणातही मज्जासंस्थेच्या वाट्याला थोडेच तास येतात. म्हणून अमेरिकेत पदवीनंतर साधारणतः एक वर्षाचे विशेष प्रशिक्षण काही रुग्णालयांत दिले जाते. मज्जासंस्थेची पद्धतशीर तपासणी, पक्षाघात, अपस्मार, डोकेदुखी, कंपवात व तातडीचे प्रसंग हा त्याचा गाभा होय.

भारतीय चौकट

आपल्याकडे बंगळूरची निम्हान्स व तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाल संस्था येथे मज्जाविकार परिचर्येचे विशेष शिक्षण दिले जाते. भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता क्षेत्रासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर निवासी अभ्यासक्रम आखला. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात नर्स प्रॅक्टिशनर संवर्गाचा पुरस्कार असून मज्जाविकार परिचर्येच्या विशेष अभ्यासक्रमाचाही स्पष्ट उल्लेख आहे. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय आयोग कायद्याच्या अनुसूचीत ‘फिजिशियन असोसिएट’ हा व्यवसाय समाविष्ट झाला. २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदाही संमत झाला.

प्रशिक्षणाचे फलित

२०११ मध्ये ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समधील १९ पक्षाघात कक्षांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तेथे परिचारिकांच्या पुढाकाराने ताप, साखर व गिळण्याची क्षमता या तीनच बाबींचे काटेकोर नियोजन करण्यात आले. ९० दिवसांनंतर मृत्यू वा परावलंबित्व यांचे प्रमाण नियोजन असलेल्या कक्षांत ४२ टक्के, तर इतर कक्षांत ५८ टक्के आढळले. महागड्या यंत्राविना मिळालेले हे यश आहे. गिळता न येणाऱ्या रुग्णाला मायेने पाजलेले घोटभर पाणी श्वासमार्गात जाऊन फुप्फुसाचा दाह होऊ शकतो, एवढे भान असले तरी जीव वाचू शकतो. अपस्माराचेही तसेच आहे. फिट आलेल्यास कांदा वा चप्पल हुंगविण्याऐवजी कुशीवर वळविणे, झटक्याची वेळ मोजणे आणि पुढे औषधात खंड पडू न देणे हे प्रशिक्षित परिचारिका घरोघर शिकवू शकते.

मर्यादा

प्रशिक्षण आणि अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या कलम ३२ मध्ये सामुदायिक आरोग्य प्रदात्यास मर्यादित परवाना देण्याची तरतूद आहे. प्राथमिक व प्रतिबंधात्मक सेवेत विनिर्दिष्ट औषधे तो स्वतंत्रपणे, अन्यत्र मात्र वैद्यकाच्या देखरेखीखालीच देऊ शकतो. या तरतुदीस डॉक्टरांच्या संघटनांनी केलेला विरोध सर्वथा अनाठायी म्हणता येणार नाही; अर्धवट ज्ञानाचा परवाना रुग्णालाच महाग पडतो. परंतु विशेष प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकेची बदली असंबंधित विभागात झाली, तिला स्वतंत्र पद व वेतन मिळाले नाही, तर प्रमाणपत्र केवळ भिंतीवर राहते.

निष्कर्ष

नर्स प्रॅक्टिशनर किंवा फिजिशियन असिस्टंट हा मज्जाविकारतज्ज्ञाला पर्याय नव्हे, तर रुग्ण व तज्ज्ञ यांमधील दुवा होय. कोल्हापूर जिल्ह्यापुरता विचार करता, वैद्यकीय व परिचर्या महाविद्यालयांनी एकत्र येऊन ओळख, मोजमाप, पाठवणी व पाठपुरावा या चार कौशल्यांवर आधारित, प्रत्यक्ष रुग्णशय्येजवळचे प्रशिक्षण आखणे व्यवहार्य आहे. त्याचा आरंभ उचगावसारख्या शहरालगतच्या गावांपासून करता येईल. रुग्णालय जवळ असूनही जेथे वेळ वाया जातो, तेथे केवळ ज्ञानाने किती अंतर कापता येते, हे तपासणे सोपे आहे. तेथील अनुभव मग गगनबावडा, चंदगड यांसारख्या दूरच्या तालुक्यांना उपयोगी पडेल.