फेस ब्रश वापरल्यावर पुटकुळ्या का येतात?

चेहरा धुवायचा इलेक्ट्रिक ब्रश नवा असतो तेव्हा पहिले काही दिवस गालांवरून हात फिरवत राहावंसं वाटतं. मग हनुवटीवर, जबड्याच्या कडेने पुटकुळ्या उठू लागतात. 'आतली घाण बाहेर पडतेय, वापरत राहा,' हा सल्लाही हमखास मिळतो. तो ऐकण्याआधी ब्रश चेहऱ्यावर काय करतो, ते पाहू.

हे तंत्र दातांकडून आलं. 'सोनिकेअर' टूथब्रशमागच्या काही मंडळींनीच २००४ मध्ये अमेरिकेत 'क्लॅरिसॉनिक' हा फेस ब्रश आणला. त्याचे केस सेकंदाला शेकडो वेळा मागे-पुढे हलत. काही ब्रशांचं डोकं नुसतं गोल फिरतं, सिलिकॉनचे ब्रश थरथरतात. कसेही हलले तरी घर्षण आलंच. दातांवर इनॅमलचं कठीण कवच असतं. त्वचेचा सर्वांत वरचा संरक्षक थर मात्र जेमतेम ०.०१ ते ०.०२ मिलिमीटर जाडीचा. विटांच्या भिंतीत चुना असावा, तशी त्यातल्या मृत पेशींमध्ये चरबी भरलेली असते. फेसवॉश ही चरबी धुऊन नेतो, ब्रश पेशी खरवडतो. दोन्ही रोज दोनदा झालं, तर त्वचेला भरून यायला सवड मिळत नाही.

यानंतर जे उठतं, ते तीन प्रकारचं असू शकतं.

पहिला प्रकार जळजळीचा. गाल लाल होतात, साधं मॉइश्चरायझर लावलं तरी चुणचुणतं, बारीक खरखरीत पुरळ येतं. हे मुरूम नव्हेत. त्यांच्यावर मुरुमांचं औषध लावलं, तर आग आणखी वाढते.

दुसरा प्रकार दाबाचा. मुरूम दिसण्याच्या कित्येक आठवडे आधी तैलग्रंथीच्या तोंडाशी तेल आणि मृत पेशींची सूक्ष्म गुठळी जमू लागते. ब्रश दाबून फिरवला की तिच्याभोवतीची नाजूक भिंत फाटते, आतला ऐवज आजूबाजूला पसरतो आणि जागा सुजते. घर्षण आणि दाबामुळे चिघळणाऱ्या अशा मुरुमांना 'ॲक्ने मेकॅनिका' म्हणतात. मिल्स आणि क्लिगमन या त्वचारोगतज्ज्ञांनी १९७५ मध्ये त्यांचं वर्णन केलं. हेल्मेटच्या पट्ट्याखाली हनुवटीवर येणारे मुरूम याच जातीचे.

तिसरा प्रकार ओलाव्याचा. ब्रशचं डोकं ओढून काढा आणि खालची बाजू पाहा. केसांच्या बुडाशी करडा, बुळबुळीत थर दिसेल, कधी कुबट वासही येईल. फेसवॉश, तेल, मृत पेशी आणि ओल एवढं मिळालं की जंतूंना आणखी काय हवं? मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात बाथरूममधला ब्रश दिवसभर सुकत नाही. खरवडलेल्या त्वचेवर तोच फिरला, की केसांच्या मुळाशी एकसारख्या, पूभरल्या, कधी खाजणाऱ्या पुटकुळ्या येऊ शकतात.

मग 'घाण बाहेर पडतेय' हे कुठून आलं? रेटिनॉइड औषधं छिद्रांच्या आतल्या पेशींची उलाढाल वाढवतात, त्यामुळे सुरुवातीचे काही आठवडे दडलेले मुरूम लवकर वर येऊ शकतात. ब्रश तिथवर पोहोचत नाही, त्याचं काम वरवरचं. म्हणून ब्रशने उठलेल्या पुटकुळ्या हे सुधारण्याचं लक्षण समजू नये.

ब्रश लगेच थांबवा. स्क्रबही बंद करा. कोमट पाणी, सौम्य फेसवॉश आणि बोटांची टोकं पुरेशी आहेत. नंतर तेलकट नसलेलं मॉइश्चरायझर लावा. मेडिकलमधून विचारून आणलेलं स्टेरॉइडचं क्रीम लावू नका. लाली चटकन उतरते, पण त्यानेच पुढे मुरूम येतात. दुखऱ्या गाठी असतील, पू पसरत असेल किंवा काही आठवड्यांत फरक पडला नाही, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

त्वचा शांत झाल्यावर पुन्हा वापरायचाच असेल, तर आठवड्यातून एक-दोनदा, मऊ केसांचा, न दाबता, मिनिटभरच. डोकं दर वेळी धुऊन, काढून, हवेशीर जागी सुकवा आणि साधारण तीन महिन्यांनी बदला. मुरूम सुजलेले असताना, किंवा रेटिनॉइड चालू असताना ब्रश नकोच. सावळ्या त्वचेवर पुटकुळी बसली तरी तिचा काळा डाग महिनोन्‌महिने राहतो, त्यामुळे 'थोडे दिवस वाट पाहू' हे आपल्याकडे अधिकच महागात पडतं.