आवाज येतो, पण फाटतो : साउंड कार्ड, ड्रायव्हर आणि मिक्सर

बेळ्ळंदूरहून बोलतोय. मागच्या भागात आपण जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट बसवलं. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या यंत्रावर विंडोज ११ चढत नाही, म्हणून तो उद्योग केला. त्यानंतर जे फोन आले, त्यांतले निम्मे एकाच तक्रारीचे. "सगळं चालतंय, पण आवाज येत नाही." थोडे लोक म्हणाले, "येतो, पण फाटतो." आज हे दोन्ही घेऊ. आवाज न येणं हा त्रास आहे. आवाज फाटणं हे नुकसान आहे, आणि ते मी स्वतः केलंय. त्याची गोष्ट मधे सांगतो.

मी सिग्नल्स कोअरचा माणूस. जबलपूरला आणि महूला शिकलो. लाइन बंद पडली की अंदाज बांधत बसायचं नाही, हे तिथे पहिल्या आठवड्यात डोक्यात भरवतात. लाइन पार्टी तार धरून चालत जाते, मधे मधे टेलिफोन लावून बघते. इथपर्यंत बोलणं होतंय, म्हणजे बिघाड पुढे आहे. आवाजाचंही तसंच करायचं, पण त्यासाठी तार कुठून कुठे जाते ते आधी माहीत हवं.

तर, लॅपटॉपमध्ये आता वेगळं साउंड कार्ड नसतं. १९८९ साली साउंड ब्लास्टर आलं तेव्हा ते खरंच एक कार्ड होतं, खाचेत बसवायचं. बेंगळुरूच्या एस. पी. रोडवर जुन्या सामानाच्या ढिगात अजून दिसतं कधी कधी. आता मदरबोर्डवर एक चिप असते, तिला कोडेक म्हणतात. आकड्यांचा आवाज करायचा आणि आवाजाचे आकडे करायचे, एवढंच तिचं काम. २००४ साली इंटेलने एचडी ऑडिओ नावाची पद्धत ठरवली आणि बहुतेक लॅपटॉप तिच्यावर चालू लागले. (इंटेलचं मोठं आवार आमच्या इथून जवळच, रिंग रोडवर देवरबीसनहळ्ळीला आहे. माझा त्यांच्याशी संबंध एवढाच, की त्यांच्या सुटण्याच्या वेळेला मी रस्त्यावर जात नाही.)

या चिपशी बोलणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. लिनक्समध्ये आवाजाच्या सगळ्या ड्रायव्हरांचा जो संच आहे त्याचं नाव अल्सा. यारोस्लाव्ह किसेला नावाच्या चेक गृहस्थांनी १९९८ मध्ये त्याची सुरुवात केली, आणि तीही स्वतःच्या एका कार्डासाठी, ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंडसाठी. २००३ च्या शेवटी २.६ क्रमांकाचा कर्नेल आला तेव्हापासून लिनक्सचा आवाज अल्सावर आहे. अल्साच्या वर आणखी एक थर बसतो, मिंटच्या नव्या आवृत्तीत पाइपवायर, जुन्यांत पल्सऑडिओ. ब्राउझर, व्हिडिओ प्लेअर, सगळे या वरच्या थराशी बोलतात. म्हणजे प्रोग्राम, पाइपवायर, अल्सा, ड्रायव्हर, चिप, आणि मग स्पीकर. तार अशी गेली आहे. आपण चिपच्या टोकाकडून चालू.

टर्मिनल उघडा. घाबरू नका, काही जळत नाही. पहिली आज्ञा एप्ले. पुस्तकात वाचणाऱ्यांसाठी सिग्नलवाल्यांच्या पद्धतीने सांगतो : अल्फा, पापा, लिमा, अल्फा, यांकी. सगळी इंग्रजी छोटी अक्षरं. मग एक जागा सोडा, उणे चिन्ह, आणि लगेच छोटा एल. तो एल आहे, एकचा आकडा नाही. यात निम्मे लोक चुकतात. एंटर दाबा. यंत्र आपल्याला दिसत असलेली कार्डं सांगेल.

यादी रिकामी आली तर ड्रायव्हर चिपपर्यंत पोचलेलाच नाही. अशा वेळी सेटिंग्जमध्ये "डमी आउटपुट" दिसतं. मग दुसरी आज्ञा, एल-एस-पी-सी-आय, जागा, उणे के. लांबलचक यादी येईल, तीत ऑडिओ शब्द असलेली ओळ शोधा. तिच्या खाली कोणता ड्रायव्हर चालू आहे ते लिहिलेलं असतं. काहीच लिहिलं नसेल, किंवा नाव असूनही आवाज नसेल, तर नवीन लॅपटॉपांत बहुतेक वेळा फर्मवेअरची फाइल कमी असते. यंत्र इंटरनेटला जोडून सगळे अपडेट घ्या आणि पुन्हा सुरू करा. पुष्कळदा तेवढ्यावर भागतं.

यादीत कार्ड आहे पण आवाज नाही, असं असेल तर कार्डं किती आहेत ते मोजा. काही लॅपटॉपवर दोन दिसतात. ० क्रमांकाचं एचडीएमआय, म्हणजे टीव्हीला जाणारं, आणि १ क्रमांकाचं खरं, स्पीकरचं. आवाज इमानदारीने टीव्हीकडे जात असतो आणि टीव्ही जोडलेलाच नसतो! साउंड सेटिंग्जमध्ये आउटपुटच्या यादीतून स्पीकर निवडा, झालं.

आता मिक्सर. टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर लिहा, सलग, मधे जागा नाही. उभ्या पट्ट्या दिसतील. पहिल्यांदा दिसतात त्या पाइपवायरच्या असतात, एक-दोनच. त्या पाहून "माझ्याकडे काहीच नाही" असं म्हणून बंद करू नका. एफ-६ दाबा आणि खरं कार्ड निवडा. मग मास्टर, हेडफोन, स्पीकर, पीसीएम अशी सगळी फौज उभी राहते. पट्टीच्या खाली दोन शून्यं असतील तर ती वाट उघडी आहे. दोन एम असतील तर तोंड बंद. बाणाने त्या पट्टीवर जा आणि एम दाबा, तोंड उघडेल. अल्साने ताजं कार्ड उचललं की मूळ रिवाज सगळ्या पट्ट्या बंद ठेवण्याचाच आहे. मोठा आवाज अचानक कानात जाऊ नये म्हणून. रिवाज शहाणपणाचा आहे, पण नवख्याचा जीव जातो.

नाशिकहून एका ताईंचा फोन होता. हेडफोनमध्ये ऐकू येतं, स्पीकर मुके. त्यांना मी याच पडद्यावर उजवीकडे सरकत जायला सांगितलं. शेवटाकडे ऑटो-म्यूट मोड नावाचा रकाना होता. हेडफोन घातला की स्पीकर बंद करायचे, हे त्याचं काम. हेडफोनच्या भोकात कचरा बसला की यंत्राला वाटतं हेडफोन लावलेलाच आहे. त्यांनी तो रकाना बंद केला आणि फोनवरच मला त्यांच्याकडचा आवाज ऐकू आला. भोक साफ करा असंही सांगितलं. ते केलं की नाही माहीत नाही.

पट्टी वाढवताना वरचा आकडा बघा, तो डेसिबलमध्ये असतो. शून्य डेसिबल म्हणजे आला तसा पुढे दिला. ६ डेसिबल वाढवले की सिग्नल साधारण दुप्पट होतो. २० वाढवले की दसपट. ३० म्हणजे तीसपटीपेक्षा थोडा जास्तच. हा ३० चा आकडा लक्षात ठेवा.

आता माझी गोष्ट. गेल्या पावसाळ्यात एक सुभेदार साहेब सातारा जिल्ह्यातून आमच्या सोसायटीत नातवाकडे आले. मराठा लाइट इन्फंट्रीचे, १९७१ ला जमालपूरच्या लढाईत होते. वय शहात्तर. बेंगळुरूला आले ते घशाच्या ऑपरेशनसाठी, आणि स्वरयंत्र काढावं लागणार हे ठरलेलं होतं. नातू माझ्याकडे आला. म्हणाला, "काका, आजोबांचा आवाज ठेवायचाय. तुम्हाला येतं ना हे?" येतं म्हणालो. चाळीस वर्षं दुसऱ्यांचे आवाज पोचवले, एक आवाज डब्यात ठेवायला काय लागतं?

संध्याकाळी बसलो. खिडक्या बंद केल्या. रिंग रोडचे हॉर्न होते, आणि तळ्यावरून वारा आला की इथे खिडकी तशीही बंदच करतात. सुभेदार साहेबांचा आवाज मुळात खोल गेलेला. पडद्यावर मायक्रोफोनची पातळी कमी दिसली, म्हणून मी साउंड सेटिंग्जमधली सरकपट्टी पार शेवटपर्यंत ओढली. चाचणीला ते हळू बोलले, "एक, दोन, तीन, काय साहेब, ठीक?" ठीक वाटलं. रेकॉर्डिंग सुरू केलं आणि पडदा पाडून ठेवला, समोर दिवा नको म्हणून.

मग ते रंगले. दोन तास बोलले. रात्रीचं वर्णन, सोबत्यांची नावं, हाका. हाक मारायची ती खरीच मारत होते, आजारी घशाने. मी ऐकत बसलो, मीटरकडे बघितलं नाही.

रात्री घरी येऊन लावलं तर सगळं फाटलेलं. हळू बोललेले शब्द ठीक, आणि जिथे जिथे जीव ओतून बोलले तिथे नुसतं खरखर आणि कडकड.

काय झालं होतं ते नीट सांगतो, कारण ही चूक तुम्ही करणार नाही एवढ्यासाठी हा भाग आहे. अल्सामिक्सरमध्ये एफ-४ दाबलं की आत येणाऱ्या आवाजाच्या पट्ट्या दिसतात. त्यांत एक कॅप्चर असते, आणि दुसरी माइक बूस्ट किंवा इंटर्नल माइक बूस्ट. बूस्ट म्हणजे चिपमधला पहिला वर्धक. आवाजाचे आकडे होण्याच्या आधीच तो सिग्नल मोठा करतो. बहुतेक लॅपटॉपवर त्याला चारच पायऱ्या असतात : ०, १०, २०, ३० डेसिबल. साउंड सेटिंग्जमधली एक सरकपट्टी या दोन्ही पट्ट्या एकत्र हलवते. ती शेवटपर्यंत नेली की कॅप्चरही पूर्ण आणि बूस्टही ३० वर. मला वाटलं मी एक नळ उघडला. उघडले होते दोन, एकापाठोपाठ.

१६ बिटच्या रेकॉर्डिंगमध्ये आकडा शून्याच्या वर ३२,७६७ पर्यंत जातो आणि खाली उणे ३२,७६८ पर्यंत. त्यापलीकडे जागाच नाही. लाट त्याहून उंच आली की तिचा माथा कापला जातो, सपाट होतो. तो सपाटपणा म्हणजे कानाला लागणारी कडकड. नंतर आवाज कमी करून काही होत नाही. कापलेला माथा फाइलमध्ये नाहीच, तर लहान काय करणार? हळू रेकॉर्ड झालेला आवाज नंतर वाढवता येतो, सोबत थोडी खरखर वाढते एवढंच. फाटलेला परत शिवता येत नाही.

म्हणून क्रम असा. एफ-६, खरं कार्ड. एफ-४. बूस्ट शून्यावर, फार तर १० वर. कॅप्चर निम्म्याच्या आसपास, आणि तिच्या खाली लाल अक्षरांत कॅप्चर असं दिसलं पाहिजे. नसेल तर स्पेसबार दाबा. एस्केपने बाहेर या. मग दहा सेकंदांची चाचणी. आज्ञा ए-रेकॉर्ड, सलग, म्हणजे रेकॉर्डच्या आधी एक ए. जागा, उणे एफ, जागा, सी-डी, जागा, उणे डी, जागा, १०, जागा, आणि फाइलचं नाव, शेवटी टिंब आणि डब्ल्यू-ए-व्ही. उणे एफ सी-डी विसरू नका. नाहीतर ही आज्ञा ८ बिट आणि सेकंदाला ८,००० नमुने अशा जुन्या टेलिफोनी थाटात रेकॉर्ड करते. सी-डी म्हटलं की १६ बिट आणि ४४,१००.

चाचणीत बोलणाऱ्याला आकडे मोजायला लावू नका. आकडे सगळेच हळू मोजतात. त्यांना कुणाला तरी हाक मारायला सांगा, मोठ्याने, गच्चीवरून खाली मारतात तशी. ऑडॅसिटीत ती फाइल उघडा. हाकेचं टोक उणे १२ डेसिबलच्या आसपास असेल तर गाडी रुळावर आहे. शून्याला भिडत असेल तर कॅप्चर खाली आणा.

बसवलेल्या पट्ट्या जपायच्या असतील तर सूडो, मग अल्सा-सी-टी-एल सलग, मग स्टोअर. यंत्र सुरू होताना अल्सा त्या परत लावतं. पण वरचा थरही आपल्या पातळ्या लक्षात ठेवतो आणि नंतर येऊन बदलू शकतो, म्हणून रेकॉर्डिंगच्या दिवशी अल्सामिक्सर उघडून बूस्ट डोळ्यांनी बघायचंच. आणि पडदा पाडायचा नाही.

सुभेदार साहेबांना दाखल व्हायला एक दिवस उरला होता. दुसऱ्या सकाळी मी जाऊन खरं ते सांगितलं. ते हसले. "काय साहेब, सिग्नलवाल्यांचीच लाइन तुटली?" मी म्हणालो, जमालपूर परत सांगाल का? जरा वेळ गप्प राहिले. म्हणाले, "काल आलं तसं आज नाही यायचं. दुसरं विचारा." मग बेळगावच्या सेंटरमध्ये भरती झाले ते सांगितलं, उस्तादाच्या शिव्या, पहिला पगार आईला कसा पाठवला. तेवीस मिनिटं. बूस्ट शून्यावर, कॅप्चर निम्म्याहून थोडी वर. पंख्याची किंचित घरघर आहे, पण शब्द न् शब्द कळतो.

आदल्या दिवशीची दोन तासांची फाइल मी पुसलेली नाही. ऑडॅसिटीमध्ये क्लिप फिक्स नावाची एक सोय आहे, ती कापलेला माथा दोन्ही बाजूंवरून अंदाजाने भरते. थोडं फाटलं असेल तर बरा उपयोग होतो. माझ्या फाइलमध्ये फार थोडा झाला. तरी दोन नावं त्यातून ओळखता आली. ती कागदावर लिहून सुभेदार साहेबांना दाखवली. आता ते पाटीवर लिहून बोलतात. एका नावाचं स्पेलिंग त्यांनी दुरुस्त करून दिलं, आणि खाली तिसरं लिहिलं, जे मला ऐकूच आलं नव्हतं. रोज संध्याकाळी अर्धा तास आता तेच चाललंय, फाइल थोडी लावायची आणि पाटी पुढे करायची. एक तास दहा मिनिटांपर्यंत आलोय.

पुढच्या भागात यूएसबी मायक्रोफोन. त्याचा ड्रायव्हर वेगळा असतो, बूस्टची पट्टी बहुधा नसतेच, आणि तो लावल्यावर कार्डांचे क्रमांक बदलतात, तेव्हा एप्ले उणे एल पाठ करून या.