पाणी कागद वाचत नाही

मुंबईला नदी आहे, हे कित्येक मुंबईकरांना २६ जुलै २००५ रोजी कळले. तोवर मिठी नदी म्हणजे माहीम-वांद्र्याच्या दरम्यान लोकलमधून नाक दाबून ओलांडायचा एक नाला! त्या दिवशी चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. कुलाब्याला जेमतेम ७३. आभाळ फाटले, म्हणून आपण मोकळे झालो.

आभाळाचा वाटा होताच. पण पडलेल्या पाण्याने जायचे कुठे? विहार आणि पवई तलावांतून ओसंडणारे पाणी घेऊन ही नदी सुमारे अठरा किलोमीटर वाहते आणि माहीमच्या खाडीला मिळते. वाटेत पूर्वी खाजणे होती, तिवरांची राने होती. भरतीच्या वेळी समुद्र पाणी आत घेत नाही. तेवढा वेळ ते खाजणात थांबायचे, ओहोटी लागली की निघून जायचे. नेमक्या या थांब्यावरच आपण भराव घातला. विमानतळासाठी नदीला काटकोनात वळवले, वांद्रे-कुर्ला संकुल उभारले. ज्यांना कुठेच जागा परवडली नाही, त्यांनी काठावर झोपड्या घातल्या. १९५१ साली तीस लाखांच्या आसपास असलेली बृहन्मुंबई २०११ साली सव्वा कोटीच्या घरात गेली. माणसे आली ती पोटासाठी. त्यांना बोल कसा लावावा? पाणी चढले तेव्हा तेही आधी त्यांच्याच घरात शिरले.

बँकेत असताना गहाणखतातल्या चतुःसीमा वाचणे हे माझे रोजचे काम. जुन्या कागदावर ‘पश्चिमेस नाला’ असायचे. त्याच मिळकतीच्या नव्या कागदावर ‘पश्चिमेस रस्ता’. नाला कुणी विकला नव्हता, कुणी घेतलाही नव्हता. तो नुसता कागदावरून उतरला होता. पाणी मात्र कागद वाचत नाही.

२००५ नंतर नदीसाठी प्राधिकरण झाले. पात्र रुंद आणि खोल केले, बऱ्याच भागात भिंती बांधल्या. दरवर्षी गाळ निघतो, दरवर्षी कचरा पडतो. भिंतीने नदी आवरेल. गेलेले खाजण परत येत नाही. व्याजावर जगावे, मुद्दलाला हात लावू नये, हे आपल्या आजीलाही ठाऊक होते. उरलेली तिवरे हे आपले मुद्दल आहे. आणि काठावरच्यांना परवडेल असे घर दुसरीकडे दिल्याशिवाय काठ मोकळा होणार नाही, हेही तितकेच खरे.

घर घेताना आपण शाळा विचारतो, स्टेशन विचारतो, नळाला पाणी किती वेळ येते ते विचारतो. आणखी एक प्रश्न विचारायला हवा : या जागी आधी काय होते?