पिस्तुलाचे घर

पिस्तूल घडविणाऱ्या कारागिराचे नाव इतिहासात राहते. परंतु ते ज्यात ठेवले जाते त्या चामडी घराकडे, म्हणजे होल्स्टरकडे, सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक या साध्या वस्तूकडून परस्परविरोधी अशा दोन अपेक्षा असतात. शस्त्र पडू नये, परक्याच्या हाती लागू नये, ही पहिली. आणि प्रसंग येताच ते तत्क्षणी हाती यावे, ही दुसरी. एक साधू जावे तर दुसरीला बाध येतो. होल्स्टरचा इतिहास हा या दोहोंमधील तडजोडीचाच इतिहास होय.

अठराव्या शतकात युरोपीय घोडेस्वारांची जड पिस्तुले खोगिराच्या पुढच्या बाजूस जोडीने अडकवलेली असत. ओझे घोडा वाही. पण स्वार खाली आला की शस्त्र घोड्याबरोबर निघून जाई. १८४७ सालचे कोल्टचे वॉकर रिव्हॉल्व्हर सुमारे दोन किलो वजनाचे होते. त्याची जागाही खोगिरावरच होती. १८५१ सालचे ‘नेव्ही’ रिव्हॉल्व्हर मात्र सुमारे १.२ किलोचे असल्याने कमरपट्ट्याला पेलवू लागले. अमेरिकन यादवी युद्धातील (१८६१–६५) घोडेस्वार ते उजव्या कुशीला, मूठ पुढे करून लावीत. कारण उजवा हात तलवारीत गुंतला तरी डाव्या हाताने ते उपसता यावे. वर झाकण असे. त्यामुळे शस्त्र काढावयास विलंब लागे, पण पाऊस, धूळ आणि घोड्याची दौड यांपासून त्याचे रक्षण होई.

गरजेनुसार साधन कसे बदलते याचे एक ठळक उदाहरण भारतातच घडले. ३१ ऑगस्ट १८५८ रोजी पिलिभीतनजीकच्या चकमकीत सॅम ब्राऊन या घोडदळाच्या अधिकाऱ्याचा डावा हात तुटला. तलवारीचे म्यान तोवर डाव्या हाताने सावरावे लागे. आता ते सावरणार कोण? त्याने रुंद कमरपट्ट्याला खांद्यावरून जाणाऱ्या पट्ट्याची जोड दिली. म्यान स्थिर राहू लागले आणि पिस्तुलाचा भारही खांद्यावर वाटला गेला. ‘सॅम ब्राऊन’ या नावाने हा पट्टा पुढे जगभर पसरला. आपल्याकडील पोलीस अधिकाऱ्यांच्या गणवेषातही तो परिचित आहे.

बसून काम करणाऱ्याची अडचण निराळी. विमानाच्या वा रणगाड्याच्या अरुंद जागेत कमरेचे होल्स्टर टोचते आणि हातही तेथवर पोचत नाही. म्हणून दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन वैमानिक व रणगाड्यांवरील सैनिक खांद्यावरून अडकवून ते छातीशी किंवा काखेखाली वागवीत. गर्दीत वावरणाऱ्या पोलिसाला याहून वेगळे भय असते: झटापटीत त्याचेच शस्त्र दुसरा हिसकावील. त्याच्या होल्स्टरला अशी कळ किंवा बंद असतो की, जो केवळ धारकाच्या सरावाच्या हालचालीनेच सुटावा.

उपयोग कोणताही असो, काही नियम सर्वत्र सारखेच. होल्स्टर त्याच विशिष्ट पिस्तुलाच्या मापाचे हवे. म्हणून कारागीर चामडे भिजवून साच्याभोवती आवळतो व तसेच वाळवितो. घोडा पूर्णपणे झाकला गेला पाहिजे. अन्यथा सदऱ्याचे टोकही त्यात अडकून गोळी सुटू शकते. सैल झालेले चामडे वेळीच टाकून द्यावे. आणि पिस्तूल दीर्घकाळ चामड्यात ठेवू नये. चामडे ओल धरते आणि पोलाद गंजते. प्रवासातील घर हे कायमचे घर नव्हे.