व्हीपीएन नेमके कुठे अडते

ऑफिसचा सर्व्हर घरच्या लॅपटॉपवर उघडतो तो व्हीपीएनमुळे. इंटरनेटच्या खुल्या रस्त्यावरूनच ते एक कूटबद्ध बोगदा काढते. ठाण्याच्या वर्तकनगरात, म्हाडाच्या जुन्या इमारतींत आणि पुनर्विकासातून उठलेल्या टॉवरांत, घरी बसून ऐरोली, पवई किंवा वागळे इस्टेटमधल्या कचेरीचे काम होते ते याच वाटेने. दूरसंचार विभागाने मार्च २०२० मध्ये लॉकडाउनपुरत्या सैल केलेल्या घरून कामाच्या अटी नोव्हेंबर २०२० मध्ये कायमच्या सोप्या केल्या आणि घरून काम रुळले. बोगदा बंद पडला की मात्र दिवसाचा खोळंबा होतो, आणि तो बहुतेक वेळा लांबतो एकाच कारणाने: राउटर, पासवर्ड, सेटिंग सगळे एकदम बदलले जाते आणि बिघाड कुठे होता हे कळायचा मार्गच बंद होतो.

पहिली तपासणी मोबाइल हॉटस्पॉटची. तिला दोन मिनिटे लागतात आणि अर्धा शोध तिथेच संपतो. हॉटस्पॉटवर व्हीपीएन जोडले गेले, तर दोष घरच्या वायफायचा किंवा केबलवाल्याच्या लाइनचा. तिथेही अडले, तर लॅपटॉप, खाते किंवा ऑफिसची बाजू पाहावी. महावितरणची वीज गेल्यावर घरचा राउटर इन्व्हर्टरवर चालू राहतो, पण इमारतीच्या जिन्यातला केबलवाल्याचा स्विच बंद पडलेला असतो. वायफायचे चिन्ह पूर्ण दिसते, नेट मात्र नसते.

जोडणी सुरू होऊन लॉगिनवर अडली, तर आधी घड्याळ पाहावे. ऑथेंटिकेटर अॅपचा कोड साधारणपणे दर ३० सेकंदांनी बदलतो. मोबाइलची वेळ मिनिटभर मागेपुढे असली तरी बरोबर टाकलेला कोड चुकीचा ठरू शकतो. मुदत संपलेला पासवर्ड किंवा प्रमाणपत्र ही दुसरी नेहमीची कारणे. लॉगिनपर्यंतही मजल जात नसेल, तर आयपीसेक प्रकारच्या व्हीपीएनला लागणारी यूडीपी ५०० आणि ४५०० ही पोर्टे वाटेत अडलेली असू शकतात. ४४३ वरून चालणारे व्हीपीएन अशा वेळी सहसा निभावून नेते.

‘कनेक्टेड’ दिसते, पण काहीच उघडत नाही, ही तक्रार सर्वांत फसवी. सर्व्हर आयपी पत्त्याने उघडतो आणि नावाने नाही, तर नावावरून पत्ता शोधणारे डीएनएस दोषी. पत्त्यानेही उघडत नसेल, तर दोन्हीकडचे पत्ते एकच आहेत का ते बघावे. घरचा राउटर १९२.१६८.१ ची मालिका वापरतो आणि ऑफिसचीही तीच असली, तर लॅपटॉप ऑफिसचा सर्व्हर घरातच शोधत बसतो. घरच्या राउटरची मालिका बदलली की काम होते.

खरी चिकाटी लागते ती चॅट चालते पण मोठी फाइल अडकते तेव्हा. ब्रॉडबँडची लाइन पीपीपीओई पद्धतीची असेल, तर १५०० बाइटच्या पॅकेटमधले ८ बाइट तीच घेते आणि १४९२ उरतात. व्हीपीएन बंद ठेवून, पॅकेटचे तुकडे न करण्याची सूचना देऊन विंडोजवर पिंग करावे. १४७२ बाइट टाकले की तुकडे करावे लागतील असा निरोप परत येतो. १४६४ जातात, कारण हेडरचे २८ धरून बरोबर १४९२ होतात. व्हीपीएनचे आवरण यातूनच आणखी जागा खाते. म्हणून त्याच्या अॅडॅप्टरचा एमटीयू, म्हणजे पॅकेटची कमाल मर्यादा, १४०० किंवा थोडा खाली आणावा लागतो. त्यासाठी अॅडमिनचे अधिकार हवेत, म्हणजे ते काम आयटीवाल्यांचे.

बोगदा धड असूनही रिमोट डेस्कटॉप उघडत नसेल, तर ऑफिसमधला पीसी बहुधा झोपलेला किंवा बंद असतो. त्यावर वैतागून रिमोट डेस्कटॉपचे ३३८९ हे पोर्ट थेट इंटरनेटवर उघडणे हा धोकाच आहे. पासवर्ड तोडणारे प्रोग्राम तेच पोर्ट सतत धुंडाळत असतात. पीसीची स्लीप सेटिंग बदलून घ्यावी. हेल्पडेस्कच्या तिकिटात ‘व्हीपीएन चालत नाही’ एवढेच न लिहिता वेळ, पडद्यावरचा निरोप अक्षरशः आणि हॉटस्पॉटवर काय झाले ते लिहावे.